शेजारची सुरी

मुलाचा मृतदेह नेल्यावरही फौजदार स्वयंपाकघरातले खण उपसत होते. गोळी त्यांनीच झाडली होती. "सुरी कुठे गेली?" त्यांनी आईला विचारलं. "त्याच्या हातात काहीतरी चकाकलं. मी स्वतः पाहिलं."

"चमचा होता, साहेब."

खणांत चमचेच निघाले. काटा नाही, कात्री नाही, साधी किसणीसुद्धा नाही. फौजदारांनी शेवटचा खण उपडा केला. "असं कसं होईल? घर म्हटलं की सुरी असतेच."

आई उठली आणि त्यांना शेजारणीच्या ओट्यापाशी घेऊन गेली. "ही आमची सुरी. त्याचं डोकं बिघडलं तेव्हापासून भाजी इथेच येऊन चिरते. हे दाढीसुद्धा बाहेरच करून येतात. धारेचं काही त्याच्या हाताला लागू नये म्हणून जिवाचं रान केलं आम्ही."

"मग आम्हाला कशाला बोलावलंत?"

"भिंतीवर डोकं आपटून घेत होता. मला एकटीला आवरेना. म्हटलं, चौघं आलात तर धरून ठेवाल." तिची नजर त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"इतक्या वर्षांत घरात हत्यार आलं ते आजच. मीच फोन केला."