सात नरसाळी

"डोळे नीट बांध," बाबा म्हणाले. "नंतर फटीतून बघितलं असं मला ऐकून घ्यायचं नाही."

मुलाने बाबांच्या डोळ्यांवरच्या टॉवेलची गाठ आणखी आवळली.

गेल्या आठवड्यात एका शिक्षकाच्या घरी तिळाच्या तेलाऐवजी एरंडेल गेलं आणि ते सगळं कुटुंब दिवसभर एकाच दाराशी रांग लावून उभं होतं. तेव्हापासून मुलाने धोशा लावला होता. बाबांचं नाक गेलंय, सुट्या तेलाचं दुकान आता बंद करायचं आणि बाबांनी घरी बसायचं. घरी बसायला बाबा मुळीच तयार नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी दुकानातल्या स्टुलावर काढली होती. शेवटी बाबांनीच परीक्षा सुचवली. एक जरी तेल चुकलं, तरी शटर खाली.

भिंतीवर ओळीने सात खिळे, त्यांवर सात तेलांची सात नरसाळी. एका तेलाचं नरसाळं दुसऱ्याला लावायचं नाही, हा घरातला कायदा होता.

"अहो, आधी माझं जरा ऐका," सून म्हणाली.

"नंतर." मुलाने डावीकडचं पहिलं नरसाळं काढलं. "बरीच चकाकतायत आज."

"स्वच्छता हवी ना दुकानात," सून हळूच म्हणाली.

"कितीही घासा," बाबा म्हणाले. "वास पत्र्यात मुरतो. तो जात नसतो."

मुलाने नरसाळं त्यांच्या नाकाशी धरलं. बाबांनी छाती भरून श्वास घेतला.

"शेंगदाणा. घाण्यावरचा."

मुलानेही खात्री करायला हुंगून पाहिलं. "बरोबर."

दुसरं आलं. "तीळ. जरा खरपूस आहे." तिसरं खोबरेल, चौथं मोहरी. मोहरीला बाबांना शिंकच आली. मुलगा प्रत्येक नरसाळ्यात नाक घालून मान डोलवत होता. करडई आणि जवसही सुटले. सून मात्र पदराचं टोक पिळत उभी होती.

सातवं नाकाशी येताच बाबांनी तोंड फिरवलं. "एरंडेल. लांब धर, मळमळतंय."

मुलाने वास घेतला आणि त्याचाही चेहरा कसनुसा झाला. त्याने टॉवेल सोडला. त्याचे डोळे भरून आले होते.

"चुकलो, बाबा. असं नाक पंचक्रोशीत नाही. त्या शिक्षकानेच बरणी बदलली असणार."

"मी तेच म्हणत होतो," बाबा म्हणाले आणि स्टुलावर ऐसपैस बसले. "आणि तुझंही नाक तयार झालंय हो. दुकानाची काळजी मिटली."

दोघं बापलेक हसत चहाला गेले.

सुनेने सातही नरसाळी पुन्हा खिळ्यांना लावली. जुनी गंजकी तिने सकाळीच भंगारवाल्याला देऊन टाकली होती. ही नवी बाजारातून येऊन जेमतेम तास झाला होता, आणि एकातूनही अजून तेलाचा थेंब गेला नव्हता.