नऊपर्यंत दार बंद

वीस वर्षांत बहिणीला साधं सिनेमाला न नेलेला भाऊ रविवारी पहाटे तिला पाणथळावर पक्षी दाखवायला घेऊन गेला. वसंतात परतीला निघालेली बदकं तिथे उतरतात, म्हणाला. बहिणीचा आवाज असा, की घरचे तिला भोंगाच म्हणत. काठावरच्या लाकडी खोलीत पंधरा माणसं दुर्बिणी लावून, श्वास रोखून बसली होती. पक्षी उडू नयेत म्हणून नऊपर्यंत दार उघडायचं नाही आणि आवाज करायचा नाही, असा तिथला नियम. भावाने तिच्या हातात दुर्बीण दिली आणि तो कानाशी लागला.

"ताई, आईला उद्या वृद्धाश्रमात सोडतोय."

"काय?"

पंधरा माना वळल्या. एका आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं. तिने मान खाली घातली, कानशिलं तापली होती.

"अरे, मी मेलेय का?" ती दात आवळून पुटपुटली. "माझ्याकडे आण तिला."

"तुझ्या दीड खोलीत? सगळं ठरलंय, ताई. तो बघ शेकाट्या, पाय बघ केवढे लांब!"

"नऊ वाजू देत, मग दाखवते तुला."

"नऊपर्यंत राग शांत होतो गं."

"आई काय म्हणाली?"

"काही नाही." भावाने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. "तिलाही गेल्या रविवारी इथेच आणून सांगितलं."