मालकाचा रकाना

"आता पुन्हा आंघोळ आली कपाळी," यज्ञेश्वर गुरुजी पुटपुटले. शेजारी उभ्या असलेल्या उत्तराबाईंना ऐकू जाईल, इतपतच. "सहा वर्षं शिवू दिलं नाही याला. आज बरोबर माझ्याच स्कूटरला टेकून पडलाय."

पंचवटीतल्या त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सकाळीच सभा भरली होती. पाण्याच्या टाकीसाठी बैठक बोलावली तेव्हा चार टाळकी जमली नव्हती. आज निम्मी इमारत हजर होती. मधोमध काळा कुत्रा. टेंपोने उडवलेला. कंबर मोडलेली, मागचे पाय लुळे. तरी पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत तो रस्त्यावरून आत आला होता, आणि एवढ्या गाड्यांमधून गुरुजींची स्कूटर हुडकून तिथे पडला होता.

जनावरांच्या डॉक्टर चैतालींनी तपासून सांगितलं होतं, "वाचणार नाही. नुसते हाल आहेत. इंजेक्शन देते, शांत झोपेल." त्याला अर्धा तास झाला होता.

कुत्र्यावर प्रेम सगळ्यांचंच. म्हणून तर त्याला इतकी नावं होती. उत्तराबाईंचा तो मोती. तिसऱ्या मजल्यावरच्या विश्वेशचा ब्रूनो. त्याने तर केक कापून त्याचा वाढदिवसही केला होता. केक विश्वेशच्या मित्रांनी खाल्ला, फोटो कुत्र्याचा आला. गुरुजींनी मात्र एकच हाक ठेवली होती, "हड्!" कुत्र्याची समजूत, हेच आपलं खरं नाव. ऐकलं की शेपटी हलवत धावत येई. मग गुरुजी आणखी चिडत आणि पिशवीतला श्राद्धाचा वडा त्याच्या अंगावर फेकत. रागानेच. रोज. न चुकता.

"पण आपण कोण हो जीव घेणारे?" उत्तराबाईंनी तिसऱ्यांदा डोळे टिपले. विश्वेशने ग्रुपवर मतदान लावलं होतं: हो, नाही आणि 'सर्वांना योग्य वाटेल ते'. एकोणीस मतं पडली होती, एकोणीसही तिसऱ्याला.

"गुरुजी, तुम्हीच सांगा. शास्त्र काय म्हणतं?"

सगळ्या माना वळल्या. यांना शास्त्र नको आहे, पुढे करायला एक माणूस हवा आहे, हे गुरुजींना लगेच कळलं. त्यांनी घसा साफ केला.

"उद्या एकादशी. परवा बघू."

मंडळींना इतकं हायसं वाटलं की कुणीतरी चहाचं विचारलं.

"परवा?" वॉचमन निवृत्ती म्हणाला. "गुरुजी, लय हाल चाललेत हो त्याचे. माशा बसू राहिल्या अंगावर."

गुरुजींनी वाकून उपरण्याने माशा हाकलल्या. सवयीने तोंडातून गेलं, "हड्!"

कुत्र्याने मान उचलली. कान उभे केले. शेपटी हलवायला गेला. ती हलली नाही. त्याने पुन्हा जोर केला, आणि कण्हला.

गुरुजी वाकलेले तसेच राहिले.

"मला आणखी थांबता येणार नाही," डॉक्टरांनी फॉर्म काढला. "प्राण्याचं नाव?"

"मोती!" "ब्रूनो!" "काळ्या!" पार्किंग दणाणून गेलं.

"मालकाचं नाव? सही लागेल."

सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये गेल्या.

"भटका आहे हो तो," उत्तराबाई म्हणाल्या.

"म्हणजे सगळ्यांचाच," विश्वेशने दुरुस्ती केली आणि दोन पावलं मागे सरकला.

ती दोन पावलं गुरुजींच्या चांगल्या ओळखीची होती. रामकुंडावर चाळीस वर्षं ते हेच पाहत आले होते. लोक गाड्या भरभरून येत, अस्थींच्या कलशाभोवती रडून आकांत करत. मग गुरुजी हातात दर्भ घेऊन विचारत, "करणारा कोण? नातं काय?" की गर्दी दोन पावलं मागे. कुणीतरी एकजण मोठ्याने नातं सांगेपर्यंत पळीभर पाणीसुद्धा पुढे सरकत नसे. मागे सरणाऱ्यांची नक्कल गुरुजी घरी जेवताना करून दाखवत. फार छान करत.

आणि मघाशी स्वतः ते दोन पावलं नव्हे, दोन दिवस मागे सरले होते.

रामकुंडावर यजमान खोळंबले होते. फोन वाजत होता. गुरुजींनी तो बंद केला. धूतवस्त्रासकट ते पार्किंगच्या तेलकट फरशीवर बसले आणि सहा वर्षं न शिवलेलं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं.

"अहो गुरुजी, सोवळं..." उत्तराबाई म्हणाल्या.

"मालक म्हणून कुणाला लिहू?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"यज्ञेश्वर लिहा," गुरुजी म्हणाले. "माझा आहे तो."