गाणारीचं नाव

"या तळटीपा काढा, मॅडम. मोबाइलवर पान गिचमिड दिसतं," संस्थेचे संचालक म्हणाले.

जात्यावरच्या ओव्यांचं हे डिजिटल पुस्तक कुमुदताईंनीच संपादित केलं होतं, पानंही त्यांनीच रचली होती. प्रत्येक ओवीखाली तळटीपेत ती गाणाऱ्या बाईचं नाव होतं. जुन्या छापील संग्रहात या बायका नुसत्या 'अमक्याची आई' होत्या. गावोगाव फिरून ताईंनी एकेकीला तिचं नाव विचारलं होतं.

"ओव्या राहतीलच की! नावं कोण वाचतंय?"

पहिली ओवी गाणाऱ्या ठकूबाईंना फोन लावून ताईंनी तो स्पीकरवर टाकला आणि संचालकांपुढे आपटला. "'तुमचं नाव खोडतोय' हे त्यांना तुम्हीच सांगा."

फोनमधून थकलेला, उत्सुक आवाज आला, "ताई, आलं का वं माझं नाव पुस्तकात?"