दीड लिटर

ताईने धाकट्या भावाला किडनी दिली होती. त्याची लघवी रोज मापाच्या भांड्यात साठायची आणि ताई आकडा वहीत लिहायची. "दीड लिटर! माझी किडनी आहे, कामचुकार नाही," म्हणत ती हसायची. गेल्या आठवड्यात भांडं निम्मंही भरेना. तिचा चेहरा पडेल म्हणून त्याने त्यात नळाचं पाणी घातलं, मग रोजच घालत गेला. आज पाय टम्म सुजले, तेव्हा ताईने त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "रक्तातली प्रथिनं पेशींना निरोप देतात, 'परकं कुणीतरी घुसलंय, तुटून पडा.' या किडनीविरुद्ध तो निरोप केव्हाच सुटलाय. लघवी घटताच आला असतात, तर किडनी वाचली असती. पण वहीत तर रोज दीड लिटर!" ताईने कुशीवरच्या टाक्यांवर हात ठेवला. "माझीच किडनी कमी पडली का हो?" भावाने टेबलावरची वही मिटली.