पहिल्या हिमनगाचा फोटो

"आधी तुम्ही काढा, मग मी काढते," लिओना म्हणाली आणि तिने दोन्ही कॅमेरे कड्यावरच्या सपाट खडकावर शेजारी शेजारी ठेवले.

एक तिचा, नव्या पद्धतीचा मिररलेस, हातभर लेन्सचा. दुसरा तिच्या वडिलांचा, साबणाच्या वडीएवढा, खिशात घासून घासून कोपऱ्यांवरचा रंग उडालेला. समोर खाडीच्या तोंडाशी यंदाचा पहिला हिमनग येऊन टेकला होता.

न्यूफाउंडलंडमधल्या आमच्या या गावात पहिल्या हिमनगाचा फोटो लिओनाचे वडील हेडली रायडआउट काढतात आणि तो दुकानाच्या दारात लागतो. तो लागला की वसंत आला असं आम्ही समजतो, मग बाहेर बर्फ पडत का असेना. पण दोन वर्षांपासून हेडलींची नजर जात चालली होती. ज्याच्याकडे बघावं तेच मधून पुसलं जायचं, कडेकडेचं तेवढं उरायचं. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हेडलींनी हे कुणालाच कळू दिलं नाही, आणि गावात प्रत्येकाला ते ठाऊक होतं. गेल्या वसंतात त्यांनी हिमनग म्हणून आणलेला फोटो शेजारच्या पेलींच्या होडीवरच्या पांढऱ्या ताडपत्रीचा होता. दुकानदारणीने तो मुकाट्याने दारात लावला. गावाने ब्र काढला नाही. उलट यंदाचा भलताच टोकदार आहे, असं जो तो म्हणत राहिला.

लिओना तिकडे दूर पश्चिम कॅनडात, अल्बर्टात लग्नांचे फोटो काढते. त्या ताडपत्रीचा फोटो कुणीतरी तिला फोनवर पाठवला, तेव्हाच तिने इतक्या वर्षांनी यंदा गावी यायचं ठरवलं. यावेळी तरी दारात खरा हिमनग लागावा, एवढंच तिच्या मनात होतं. वडिलांना मात्र तिने पैजेचं निमित्त सांगितलं. तुमचा डबा भारी की माझा, एकदा होऊनच जाऊ दे.

हेडलींनी छोटा कॅमेरा छातीशी धरला, गार वारा येत होता तिकडे तोंड केलं आणि बटण दाबलं. मग लिओनाने काढला. दोन्ही कॅमेऱ्यांचे पडदे तिने जवळ जवळ धरून पाहिले. छोट्यात समुद्र कलंडला होता आणि कोपऱ्यात हिमनग तांदळाच्या दाण्याएवढा. मोठ्यात तो सबंध उभा होता, माथ्यावरच्या पक्ष्यांच्या चोचींसकट.

"छान आलेत दोन्ही," ती म्हणाली.

"खोटं बोलायला अल्बर्टात शिकलीस का?" हेडली म्हणाले. मग हात पुढे करून, "तुझ्या तोफेचं वजन तरी बघू दे."

ते खडकावर बसले, कोपरं गुडघ्यांवर टेकली आणि मोठ्या कॅमेऱ्याला डोळा लावला. नुसता धूर दिसतोय, असं पुटपुटले. लिओनाने डोळ्याजवळची लहानशी चकती फिरवली, आतल्या इवल्या पडद्याचा उजेड वाढवला, चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. सरळ बघू नका, किंचित बाजूला बघा, असं तिने सुचवलं.

"हल्ली बाजूलाच बघतो मी," ते म्हणाले. आपण होऊन त्यांनी हे पहिल्यांदाच कबूल केलं.

वजन झेपत नसेल म्हणून लिओनाने लेन्सला खालून हात दिला.

"याच्या पोटातून निळी शीर गेलीय," हेडली म्हणाले.

त्या शिरेबद्दल ती त्यांना एक अक्षर बोलली नव्हती. हेडली चर्चमध्ये बोलावं तसं हलक्या आवाजात एकेक सांगत राहिले. शिरेखाली पाणी ठिबकतंय. वर पक्षी बसलेत, त्यातला एक चोचीने पंख साफ करतोय. एवढ्यात हिमनगाचा एक सुळका सुटला. "गेला," हेडली म्हणाले, आणि मग तो कडाडल्याचा आवाज खाडी ओलांडून कड्यापर्यंत आला. दोन वसंत त्यांच्या वाट्याला नुसता आवाज आला होता. आज त्यांनी आधी पाहिलं आणि मग ऐकलं.

लिओना थक्क झाली. हे यंत्र ती रोज गळ्यात घेऊन नवऱ्या मुलींच्या मागेपुढे हिंडत होती. एखाद्याला त्यातून त्याचा समुद्र परत मिळेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"दाबा आता बटण, बाबा," ती म्हणाली. "दुकानात लावायचाय ना?"

हेडलींनी बटण दाबलं नाही. डोळा न काढता ते तिच्या आवाजाच्या दिशेने वळले. इतक्या लांब लेन्सला जवळचं दिसत नाही, म्हणून ती धंद्याच्या सवयीने मागे मागे सरकत गवतात जाऊन उभी राहिली. लेन्स बारीक गुणगुणली आणि थांबली.

"केस कधी पिकले गं तुझे?"

"झाली की बरीच वर्षं. आधी रंगवत होते, मग दिलं सोडून."

"आणि भुवईवर ते काय?"

"बर्फावर पडले होते. फोनवर सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतंस," ते म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. पुसायला हात वर गेला, तर त्यांनी हलू नकोस म्हणून दटावलं. वाऱ्याने केस तोंडावर येत होते, तेही तिने येऊ दिले. बटणाचा आवाज काही येईना.

"झाला का काढून?" तिने शेवटी विचारलं.

"फोटो कुणाला हवाय," हेडली म्हणाले. "उभी राहा तशीच. बघतोय मी."