मुठीचा जोर

लकव्यानं बापूजींचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून शकुबाई रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करून तो हात चोळत बसायची. नवऱ्याची अशी सेवा करणारी बाई अख्ख्या दारव्ह्यात सापडायची नाही, असं शेजारणी म्हणायच्या.

आज तपासणीला नुजहत डॉक्टरनं बापूजींच्या हातात जोर मोजायचं यंत्र दिलं. त्यांनी ते दाबलं तसा काटा नऊवर गेला.

"नऊ किलो वजन पेलावं एवढा जोर मुठीत परत आला, काकू! मालिश सोडू नका. हात पहिल्यासारखा होईल."

डाव्या कानानं ऐकू येत नसल्यानं शकुबाईनं उजवा कान पुढं केला. "पयल्यासारखा?"

"अगदी पहिल्यासारखा."

"मंग मी दाबून पाहू का, मॅडम?"

तिनं दातओठ खाऊन यंत्र दाबलं. काटा बारावर थांबला.

"म्हणजे अजून माह्याच हातात जास्त जोर हाय," ती हसून म्हणाली.

&nbsp;

दुसऱ्या दिवसापासून तिनं मालिश बंद केली. तिचा डावा कान बापूजींच्या त्याच हाताच्या थापडीनं गेला होता.